गिटार अ‍ॅम्पचा आवाज ‘दोन’वरच उसळत असेल तर

नॉब एकवरून दोनवर नेला की खोली दणाणते आणि पाचच्या पुढे मात्र काही फरकच पडत नाही, असं होत असेल तर आधी व्हॉल्यूम पॉटचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा) टेपर, म्हणजे नॉब फिरवताना तो सिग्नल कोणत्या चालीने वाढवतो ते, तपासा. लिनिअर, म्हणजे एकसारख्या चालीचा, पॉट अर्ध्यावर असताना आवाज जेमतेम 6 डेसिबलने उतरतो. ऑडिओ टेपरचा, म्हणजे सुरुवातीला सावकाश वाढणारा, पॉट तिथे 10 ते 15 टक्केच सिग्नल सोडतो, म्हणजे 16 ते 20 डेसिबलची घट. कानाला हीच चाल सरळ वाटते.

अ‍ॅम्प उघडण्याआधी प्लग काढा. व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे पॉवर सप्लायमधले वीज साठवणारे भाग, त्यानंतरही 400 व्होल्ट धरून बसू शकतात. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून ते रिकामे करा आणि मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आकडा दिसेपर्यंत आत हात घालू नका. या कामाची सवय नसेल तर ते जाणकारावर सोपवा.

पॉटवर टेपर सांगणाऱ्या ए-बी अक्षरांवर विसंबू नका; जुन्या युरोपीय पॉटवर त्यांचा अर्थ उलटा असतो. मधली आणि सिग्नल येणारी अशा दोन पिनांच्या वायरी सोडवा, नॉब अर्ध्यावर ठेवा आणि ग्राउंडची पिन ते मधली पिन मोजा. 1 मेगओहमच्या पॉटवर 500 किलोओहम आले तर तो लिनिअर. 100 ते 150 आले तर ऑडिओ.

लिनिअर निघाला तर तेवढ्याच ओहमचा ऑडिओ पॉट बसवणं उत्तम. तो हाताशी नसेल तर मधल्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टर जोडतात. 100 किलोओहमने अर्ध्यावर 14 टक्के सिग्नल मिळतो, पण किंमत मोजावी लागते: नॉब पूर्ण उघडल्यावर आधीच्या व्हॉल्व्हला 1 मेगऐवजी 91 किलोओहमचाच भार दिसतो. 12एएक्स7 या प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हच्या नेहमीच्या स्टेजमध्ये त्याने पावणेतीन डेसिबल जातात आणि 0.022 मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरमुळे (व्हॉल्व्हकडून पॉटकडे सिग्नल नेणाऱ्या) खर्जही पातळ होतो. 220 किलोओहम लावलात तर अर्ध्यावर 23 टक्के, म्हणजे चाल थोडी कमी गोलाईची, पण खर्ज बराचसा टिकतो. आमची पसंती यालाच.

पॉट मुळातच ऑडिओ असेल तर संशय ब्राइट कपॅसिटरवर, म्हणजे आवाजाला तीक्ष्णपणा देणाऱ्या छोट्या कपॅसिटरवर. तो सिग्नलच्या पिनेपासून मधल्या पिनेवर असतो आणि नॉब खाली असताना तीक्ष्ण सूर थेट पुढे ढकलतो, म्हणून आवाज आहे त्याहून मोठा भासतो. त्याचा एक पाय सोडवून वाजवून पाहा. 1000 पिकोफॅरडच्या जागी 120 लावला तरी कर्कशपणा बराच निवळतो. मात्र 500 व्होल्टचाच घ्या.