समासातलं हरीण

मध्ययुगात मठातले साधू पुस्तकं कशी वाचत, यावर संशोधन करायचंय? मग जुन्या लॅटिन पोथ्यांची लिपी जमेल की नाही, ही भीती पहिल्यांदा काढून टाका. ती जमते. 'डी' आणि 'एस'वर आडवी रेघ म्हणजे 'देउस', देव, हे पहिल्याच आठवड्यात येतं. मोडी वाचणाऱ्याला 'सा. न. वि. वि.'ची सवय असते, त्याला तर आणखी सोपं. मी अडकलो ते लिपी येऊ लागल्यावर.

नवव्या शतकातली स्तोत्रसंहितेची एक पोथी मी वाचत होतो. 'हरिणी जशी पाण्यासाठी' हे आपल्या मराठी बायबलात ४२वं स्तोत्र, लॅटिनमध्ये ४१वं (या एका आकड्यानेही माझे दोन दिवस खाल्ले). लॅटिनमध्ये हरिणीच्या जागी हरीण आहे. त्या शब्दाशेजारी समासात बारीक अक्षरात टीप होती: हरीण साप मारतं आणि मग त्याची तहान वाढते. मी हरखलो. मठ जंगलाच्या कडेला, म्हणजे या बाबाने हरणं पाहिली असणार! त्याच्या निसर्गनिरीक्षणावर मी बारा पानं लिहिली. गाइडनी एकच विचारलं, "ऑगस्टीन बघितलास का?"

बघितला नव्हता. हिप्पोच्या सेंट ऑगस्टीनने, म्हणजे जुन्या काळच्या थोर ख्रिस्ती भाष्यकाराने, याच स्तोत्राच्या विवरणात हेच लिहून ठेवलंय, पोथीच्या चारेकशे वर्षं आधी. बारा पानं गेली.

म्हणून कान धरून सांगतो: समासातली टीप म्हणजे वाचणाऱ्याचं मत, असं धरूच नका. मूळ मजकुरासोबत टिपाही नकलून घेत. अक्षर आणि शाई मजकुराचीच आहे का, टीप भलत्याच शब्दावर तर बसली नाही ना, हे पाहा. ती भलतीकडे बसली असेल, तर नकलणाऱ्याला ती बहुधा कळलीच नव्हती. आधी ऑगस्टीन, कॅसिओडोरस, जेरोम, ग्रेगरी या जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांत शोधा. बाराव्या शतकातल्या टिपांसकटच्या बायबलांत तर समास टिपांसाठी आधीच आखून ठेवलेले असतात, तिथे फसायला निमित्तसुद्धा नाही.

भाषांतरावर भागवू नका. नावाजलेला पण वेळ नसलेला गाइड नको. तुमची बारा पानं वाचणारा हवा, मग तो कितीही तिरसट असो.

आता घाबरू नका. उचललेल्या वाक्यामागेही माणूस असतो. ऑगस्टीनच्या एवढ्या लांबलचक विवरणातून कुणीतरी तेवढंच निवडलं. मठातल्या साधूंसाठी सेंट बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत, ४८व्या प्रकरणात, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक पुस्तक देऊन ते सलग वाचायला सांगितलंय. वाचायचं ते पुटपुटत, शब्द चघळत, गाय रवंथ करते तसं. आणि खरा वाचणारा सापडतोही. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मठात तेराव्या शतकात एकाचा हात थरथरायचा. लोकांना कळेनाशा झालेल्या जुन्या इंग्रजी शब्दांवर तो लॅटिन अर्थ लिहीत गेला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण डावीकडे कलणारं ते कापरं अक्षर लगेच ओळखू येतं.

माझ्या हरणाच्या पानावर नंतर मी बाजूने तिरका उजेड टाकून पाहिलं. फोटोत हे दिसत नाही. 'तहान' या शब्दावर शाईविना, नुसत्या टोकाने चर्मपत्रावर ओरखडलेली चार अक्षरं होती. ती कुठल्याही विवरणात मिळाली नाहीत. पहिली दोन लागली आहेत.