रबरावर उडणारं हलकं इनडोअर विमान ट्रिम कसं करावं

ट्रिम करणं म्हणजे विमान स्थिर आणि संथ उडावं म्हणून त्यात बारीक फेरफार करणं. प्रोपेलर फिरवणाऱ्या रबराला नव्या विमानाच्या पहिल्याच उड्डाणात पूर्ण पीळ भरू नका. ते छताला धडकेल आणि दोष नेमका कुठे होता हे कळणारही नाही. स्पर्धेच्या एफ१डी गटात रबर सोडून विमानाचं किमान वजन १.४ ग्रॅम असतं, म्हणून पंखे, एसी आणि दारं बंद करूनच कामाला लागा. नाहीतर तुम्ही विमान नाही, वारा ट्रिम करत बसाल.

उडवण्याआधी विमान मागून निरखा. प्रोपेलर उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलंडवते. म्हणून घिरट्याही डावीकडेच घ्यायच्या. डावा पंख खाली पडू नये यासाठी त्याची मागची कड किंचित खाली वळलेली हवी. आडव्या शेपटीची डावी बाजू जराशी उंच ठेवली की विमान डावीकडे वळतं. गुरुत्वमध्य आराखड्याप्रमाणे आहे ना, तेही पाहा.

आता थोडेच पीळ भरा. आधी प्रोपेलर सोडा, मग विमान. फेकू नका, नुसतं हवेत ठेवून द्या. नाक वर करून थबकत आणि पुन्हा खाली झुकत असेल तर तो स्टॉल. पंख ज्या बारीक खांबांवर बसतो त्यांतला पुढचा खांब त्याच्या नळीत अर्धा मिलिमीटर खाली सरकवा. नाक खाली घालून वेगाने उतरत असेल तर वर. घिरटी भिंतींपासून दूर राहील एवढी ठेवा. ती रडरने, म्हणजे उभ्या शेपटीने, कमी-जास्त होते. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा उड्डाण. कंटाळवाणं आहे, पण दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने फरक पडला ते समजत नाही.

मग पीळ वाढवत न्या. रबराला वंगण लावून ते चार-पाच पट ताणा, अर्धे पीळ ताणलेल्या अवस्थेतच भरा आणि उरलेले भरताना हळूहळू जवळ या. खरी गफलत इथे होते. फक्त सुरुवातीचे काही सेकंद विमान स्टॉल झालं, की लोक पंखाला हात घालतात आणि संथ उड्डाणाची बसलेली घडी मोडतात. पंख तसाच राहू द्या, थोडे पीळ उलटे सोडा. शिगोशिग भरलेल्या रबराचा जोर थोडक्या पिळांतच झपाट्याने उतरतो, त्यामुळे उड्डाणाचा वेळ फारसा वाया जात नाही. त्यानंतरही डावा पंख पडत असेल तर मात्र त्याची मागची कड आणखी थोडी वळवा.

विमान उतरल्यावर उरलेले पीळ मोजा. खूप उरले तर रबर जरा जाड घ्या. हवेत असतानाच संपले तर बारीक आणि लांब.