गिनी पिग सतत खाजवतंय? आधी हे बघा

दिवसातून दोनचारदा खाजवलं तर टेन्शन नको, पण पिल्लू खाजवता खाजवता किंचाळतंय, पाठीवरचे केस जातायत, कातडीवर पिवळट खपल्या आल्यात, तर बहुतेक खरजेचे माइट्स (अगदी बारीक किडे) आहेत. ते कातडीच्या आत बिळं करतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे "काहीच दिसत नाही" म्हणून सोडून देऊ नका. खाज इतकी वाढते की कधीकधी फिट आल्यासारखे झटके येतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केस फुंकर मारून बाजूला करा, बारीक पांढुरकं काही सरपटताना दिसलं तर उवा. नाकाडोळ्याभोवती गोल टक्कल असेल तर नायटा, तो आपल्यालाही होतो, ग्लोव्हज घाला.

माइट्स आणि उवांवर औषध सहसा आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन, डोस वजनावर, म्हणून किचनच्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून न्या. एका डोसात अंडी मरत नाहीत, त्यामुळे परत द्यावंच लागतं, आणि पिंजऱ्यातल्या सगळ्यांना, नुसतं खाजवणाऱ्याला नाही. कुत्र्यामांजराचं उरलेलं औषध अंदाजाने अजिबात लावू नका, जीव जाऊ शकतो! खालचं गवत, कापड सगळं बदला, नखं कापा म्हणजे जखमा कमी होतील. रोज अंघोळ घालून माइट्स जात नाहीत, उलट कातडी कोरडी पडते.