सोलर डिश की पॅनल? स्टीमवर स्वयंपाक करायचाय तर या चुका टाळा

शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ शेफलर डिश, म्हणजे ऊन एका जागी गोळा करून पाण्याची वाफ बनवणारे मोठे आरसे, बसल्या, तेव्हापासून प्रत्येक वसतिगृहाला, आश्रमशाळेला, डेअरीला वाटतं आपल्याकडे पण स्टीम हवी. चांगलंच आहे, मी स्वतः याच कामात आहे आणि मला हे तंत्र मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच त्याच चुकांमुळे डिश गंजत पडलेल्या बघवत नाहीत.

पहिली चूक, ऊन मोजण्याची. "नेटवर बघितलं, आपल्याकडे रोज चौरस मीटरला पाच-साडेपाच युनिट ऊन आहे" असं सांगत लोक येतात. तो आकडा एकूण उन्हाचा असतो, म्हणजे सरळ किरण अधिक ढगातून, धुळीतून विखुरलेला उजेड. वीज बनवणाऱ्या पॅनलला दोन्ही चालतं, ढगाळ दिवशी पण थोडीफार वीज येते. आरशाला फक्त सरळ किरण चालतात, विखुरलेला उजेड कुठलाच आरसा एका जागी गोळा करू शकत नाही. सरळ किरणांचा आकडा वेगळा असतो, डीएनआय, तोच मागा आणि महिन्यावार मागा. वर्षाची सरासरी घेऊन आषाढ-श्रावणात भात शिजत नाही.

आणि ही चूक फक्त गावपातळीवर होते असं नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनखाली सोलर थर्मल, म्हणजे आरशांनी गोळा केलेल्या उन्हाच्या उष्णतेवर बनणाऱ्या विजेचे ४७० मेगावॉटचे सात प्रकल्प दिले गेले, त्यातले तीनच उभे राहिले. कारणं बरीच होती, पण एक मोठं कारण हेच, की सॅटेलाइटवरून काढलेला डीएनआय जमिनीवर मोजल्यावर कमी निघाला, राजस्थानची धूळ हिशोबात नीट धरलीच नव्हती. माझी सवय सांगतो, साइटवर गेलो की कागद काढायच्या आधी सावलीची कड बघतो. आकाश निळं नसून पांढुरकं असेल आणि सावलीची कड पुसट असेल, म्हणजे सरळ किरण कमी, तर तिथे आजूबाजूला खडी क्रशर किंवा वीटभट्टी आहे का ते आधी विचारतो.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. सीझनचं सेटिंग.

शेफलर डिश दिवसभर सूर्यामागे फिरते ते घड्याळावर किंवा सेन्सरवर, ते सगळ्यांना माहीत असतं. पण सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण पण सरकतो, तेव्हा उजेडाचा गोळा रिसीव्हरवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागावर, पडत राहावा म्हणून डिशचा कल आणि तिचा बाक दोन्ही हाताने बदलावे लागतात, दर दोन-चार दिवसांनी. मराठवाड्यातल्या एका वसतिगृहाचा किस्सा. डिसेंबरमध्ये सिस्टिम सुरू झाली, बसवणाऱ्या माणसाने सेटिंग एकदा दाखवलं आणि गेला. जानेवारी मस्त गेला, भात-वरण वेळेत, सगळे खूश. फेब्रुवारीत स्टीम कमी व्हायला लागली, मार्चमध्ये कडक ऊन असून प्रेशर चढेना. मग सुरू झाली खोलाखोली, स्टीम ट्रॅप बदलले, पाइपचं इन्सुलेशन उकललं, पंपवाला बोलावला, शेवटी "सोलर बोगस आहे" म्हणून गॅस सुरू. मी गेलो तेव्हा सकाळी डिश फिरवणाऱ्या काकांना विचारलं, काका, उजेडाचा गोळा कुठे पडतो? ते म्हणाले, "साहेब, तो तर संक्रांतीनंतर रिसीव्हरवरून खाली घसरलाय, पण मला कोणी विचारलंच नाही." गोळा अर्धाअधिक रिसीव्हरच्या बाहेर पडत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या डिश जुळवल्या, दुसऱ्या दिवशी प्रेशर आलं.

यात गोम अशी, की २१ डिसेंबरच्या पुढच्या दहा दिवसांत सूर्य अर्धा अंश पण सरकत नाही, आणि २१ मार्चच्या आसपास दहा दिवसांत तो साधारण चार अंश सरकतो. म्हणजे हिवाळ्यात दुर्लक्ष केलं तरी चालतं आणि माणसाला वाटतं हे काम लागतच नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. म्हणून बिघाड शोधताना पाना हातात घ्यायच्या आधी काळी काच लावून रिसीव्हरकडे बघा, गोळा मध्यावर आहे का. ज्यांना ही दोन मिनिटं नकोत आणि "ऑटोमॅटिक आहे ना?" एवढंच विचारायचंय त्यांनी खरंच पॅनल घ्यावं, तिथे अधीरपणा खपतो.

पुढची चूक, सुट्ट्यांचा हिशोब न करणं. एप्रिल-मेमध्ये ऊन सगळ्यात चांगलं, तेव्हा शाळा बंद. जुलैत पोरं हजर, तेव्हा ढग. पॅनलची जास्तीची वीज नेट मीटरिंगने ग्रिडमध्ये जाते, वाफ कुठे पाठवणार? लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची अरुण नावाची डिश दूध पाश्चराइज करायला लावली होती, ती जागा मला पटते, कारण दुधाला मे महिन्याची सुट्टी नसते.

आणखी एक चूक, विजेचे दर चुकीचे ताडून बघणं. २०१० मध्ये सोलर थर्मलच्या बोली युनिटला साडेदहा ते सव्वाबारा रुपये होत्या आणि तेव्हा पॅनलची वीज पण त्याच घरात होती, २०२० मध्ये गुजरातमध्ये पॅनलची वीज १ रुपया ९९ पैशांवर आली. दुपारच्या विजेत सोलर थर्मल हरलं, हे मान्य करून टाका. पण स्पेनच्या अँडासोल सोलर थर्मल प्रकल्पात ५० मेगावॉटला वितळलेल्या मिठात साडेसात तासांचा उष्णतेचा साठा आहे, दुबईत १५ तासांचा, ती रात्रीची वीज आहे. तिची तुलना पॅनल अधिक बॅटरीशी करा, नुसत्या पॅनलशी नको. आणि बॅटरी पण स्वस्त होत चाललीय, तेव्हा जुनं कोटेशन घेऊन वाद घालू नका. मला विचाराल तर आपल्याकडे वीज हवी तर पॅनल, रोजची वाफ हवी आणि डिश सांभाळायला माणूस आहे तर आरसा. पॅनल उन्हातलं वीसेक टक्केच देतं, नीट ठेवलेली डिश सरळ उन्हाच्या निम्म्याच्या आसपास उष्णता देते, छत लहान असेल तर हा फरक मोठा आहे.

बाकी पटापट:

बोअरच्या जड पाण्याने आरसे धुऊ नका, क्षाराचे डाग बसतात ते निघत नाहीत. सॉफ्टनरचं पाणी, मऊ फडकं, पहाटे.

आरशाच्या कापलेल्या कडा सील केल्यात का बघा, नाहीतर पावसाळ्यानंतर आरशामागची चांदी काळी पडते.

डिश फोकसमध्ये असताना रिसीव्हरजवळ हात घालायचा नाही, कोणी कितीही घाईत असो.

वळवाचं वारं सुटायच्या आत डिश पार्क करून बांधा, आणि हे काम नेमकं कोणाचं ते नावासकट किचनच्या भिंतीवर लिहून ठेवा, त्या माणसाच्या सुट्टीत कोण करणार ते पण.