सुरिकाटा तासाभरात बसतं, रूल्स रोज सांभाळावे लागतात

खराडी-हिंजवडीकडे एसओसीसाठी, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर सायबर हल्ल्यांसाठी पाळत ठेवणाऱ्या टीमसाठी, फ्रेशर्सच्या मुलाखती घेताना माझा एक ठरलेला प्रश्न असतो : "एकच अलर्ट रात्रभर येतोय, काय कराल?" बहुतेकांचं उत्तर तयार असतं, "सर, रूल बंद करू." सर्टिफिकेटं भरपूर असतात, पण रूल्स हाताळलेले नसतात. आणि हे काम घरच्या लॅपटॉपवर फुकटात शिकता येतं, सुरिकाटावर. नेटवर्कवरची ये-जा रूल्सशी ताडून बघणारं आणि संशयास्पद काही जुळलं की अलर्ट देणारं हे मोफत सॉफ्टवेअर.

कॉट बेसिसवर राहत असाल तरी आठ जीबी रॅमवर भागतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू सर्व्हर टाका, सुरिकाटाचा अधिकृत पीपीए (उबुंटूला सॉफ्टवेअर पुरवणारं भांडार) जोडा आणि इन्स्टॉल करा. २०१८ साली आलेल्या ४.१ आवृत्तीपासून सुरिकाटा-अपडेट हे रूल्स सांभाळणारं टूल सोबतच मिळतं. जुन्या व्हिडिओंत ऑइंकमास्टर, पुल्डपोर्क ही नावं येतात. ती स्नॉर्ट या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांची टूल्स. मुलाखतीत विचारलं तर सांगता यावं, एवढीच ओळख सध्या पुरे.

कॉन्फिग फाइलमध्ये आधी इंटरफेसचं (ज्या नेटवर्क कार्डावर ऐकायचं त्याचं) नाव दुरुस्त करा, मग होम-नेट, म्हणजे "आपलं" नेटवर्क कोणतं ते सांगणारी सेटिंग, बघा. तिथे मुळात फक्त खासगी आयपी रेंज असतात. क्लाउडवरच्या सर्व्हरच्या इंटरफेसवर थेट पब्लिक आयपी असेल आणि तुम्ही तो तिथे घातला नाही, तर सुरिकाटाच्या लेखी तो सर्व्हर बाहेरचा. "बाहेरून आत" अशा दिशेने लिहिलेले कितीतरी रूल्स मग गप्पच बसतात. एरर मात्र कुठेच येत नाही.

आता सुरिकाटा-अपडेट चालवा. ते एमर्जिंग थ्रेट्स नावाच्या संचातले मोफत रूल्स उतरवतं आणि सगळे एकाच फाइलमध्ये लिहितं. या फाइलला हात लावायचा नाही, कारण पुढच्या अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. स्वतःचे रूल्स वेगळ्या लोकल फाइलमध्ये ठेवा, त्यांचे एसआयडी (प्रत्येक रूलचा ओळख नंबर) १०००००० पासून पुढे द्या. काही पॅकेजेसमध्ये कॉन्फिगमधला रूल्सचा पाथ एट्सी (/etc) फोल्डरखालचा असतो आणि अपडेट मात्र व्हार-लिब (/var/lib) खाली लिहितं. म्हणून सुरू झाल्यावर लॉगमध्ये किती रूल्स लोड झाले तो आकडा बघाच.

चाचणीसाठी टेस्टमायएनआयडीएस या साइटवरचं यूआयडीचं पान कर्ल या कमांडने मागवा. २१००४९८ नंबरचा अलर्ट आला पाहिजे. साधं एचटीटीपीच वापरा. एचटीटीपीएसने मागवलंत तर मजकूर एन्क्रिप्ट होऊन येतो, रूलला त्यातलं काही दिसत नाही.

खरं काम यानंतरचं. दुसऱ्याच दिवशी फास्ट-लॉगमध्ये, म्हणजे अलर्टच्या नोंदींच्या फाइलमध्ये, २०१३५०४ दिसायला लागेल : सर्व्हरवरून एपीटीचा (उबुंटूच्या अपडेट घेणाऱ्या टूलचा) यूजर-एजंट, म्हणजे प्रोग्रामने दिलेली स्वतःची ओळख, बाहेर गेला. म्हणजे तुमचाच उबुंटू अपडेट घेतोय! इथे नवखा माणूस तो एसआयडी डिसेबल-कॉन्फ या रूल्स बंद करायच्या फाइलमध्ये टाकून मोकळा होतो. पण उद्या ज्या मशीनवर लिनक्स असायलाच नको, तिथून हाच अलर्ट आला तर तो हवाय. म्हणून थ्रेशोल्ड फाइलमध्ये सप्रेसची (रूल चालू ठेवून ठरावीक मशीनपुरता अलर्ट दाबायची) ओळ लिहा, ट्रॅक बाय सोर्स, आणि आयपी फक्त त्या एका सर्व्हरचा. जे तुमच्याकडे नाहीच, उदाहरणार्थ एखादं सॉफ्टवेअर, त्याचे रूल्स खुशाल डिसेबल करा. दोन्ही ठिकाणी वरच्या ओळीत हॅश देऊन कारण, तारीख आणि कुणी केलं ते लिहा, आणि फाइल्स गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवा. मुलाखतीला असं रेपो, म्हणजे गिटमधला फाइल्सचा संच, दाखवणारा मुलगा किंवा मुलगी माझ्या यादीत आपोआप वर जाते.

शेवटी क्रॉन, म्हणजे अपडेट रोज ठरल्या वेळी आपोआप चालवणं. सुरिकाटा-अपडेट नवे रूल्स तपासून घेतं आणि चाचणी फसली तर जुने परत ठेवतं. रीलोडची (चालू सुरिकाटाला नवे रूल्स वाचायला लावणारी) कमांड त्याच्या कॉन्फिगमध्ये द्यायला विसरू नका, नाहीतर फाइल नवी आणि चालू इंजिन जुन्याच रूल्सवर. पण ही चाचणी रूलचं व्याकरण बघते, तो किती गोंगाट करेल ते नाही. त्यामुळे पहाटे तीनची वेळ लावू नका. सकाळी अकराची लावा, शिफ्टला माणसं असतात आणि चहाही झालेला असतो.