ब्रश करूनही तोंडाला वास येतोय? जिभेचा मागचा भाग बघा

दोनदा ब्रश करूनही वास जात नसेल तर माउथवॉशच्या बाटल्या बदलत बसू नका, बहुतेक वेळा कारण तोंडातच असतं, जिभेच्या अगदी मागे साचलेला पांढरा-पिवळा थर नाहीतर हिरड्यांखाली अडकलेली घाण. फ्लॉस म्हणजे दातांमधली घाण काढायचा दोरा, तो दोन दाढांमधून ओढा आणि लगेच हुंगून बघा, वास कुठून येतो ते बऱ्याचदा तिथेच कळतं. ब्रश करताना रक्त येत असेल तर डेंटिस्टला दाखवाच, मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल हॉस्पिटल पालिकेचं आहे, तिथे जाता येईल.

दुसरं म्हणजे कोरडं तोंड. लोकलमधे टॉयलेट नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका आहेत, लाळ कमी झाली की जंतू वाढतात आणि वास सुरू, फार वाईट वाटतं बघून. बीपीच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर तोंडात धातूसारखी चव येते, कोर्स संपला की सहसा जाते.

टॉन्सिलमधले खडे, सायनस, अ‍ॅसिडिटी, वाढलेली शुगर हीपण कारणं असतात, म्हणून दात-हिरड्या ठीक असूनही वास राहिला तर ईएनटीला दाखवा.