हिरव्या लेझर पॉइंटरमधले न दिसणारे किरण कसे ओळखावे, कसे अडवावे

डिसेंबरात मुलांना आकाशदर्शनासाठी पन्हाळ्यावर नेतो तेव्हा पुसाटी बुरुजाकडे गार वारा सुटतो आणि स्वस्तातला हिरवा पॉइंटर फिका पडतो. मुलांना वाटतं, सेल उतरले. मग कुणीतरी बटण दाबूनच पॉइंटरचं तोंड स्वतःकडे वळवतं आणि आत डोकावतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याच क्षणाची वाटते.

कारण 532 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आतला डायोड 808 नॅनोमीटरचे अवरक्त किरण सोडतो. एक स्फटिक त्यांचं 1064 मध्ये रूपांतर करतो आणि दुसरा स्फटिक 1064 चं निम्मं करून 532 देतो. उरलेलं अवरक्त अडवायला तोंडाशी एक छोटी काच हवी. पैसे वाचवायला नेमकी तीच गाळली जाते. थंडीत डायोडची तरंगलांबी सरकते आणि पहिला स्फटिक ते किरण नीट शोषत नाही. हिरवा मंदावतो, अवरक्त मात्र बाहेर येतच राहतं. ते दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग ते थेट दृष्टिपटलावर गोळा करतं. 2010 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून 20 मिलीवॅट अवरक्त बाहेर पडताना मोजलं. घरगुती वस्तूंनी तपासण्याची रीतही त्यांनीच मांडली. खालची पद्धत त्याच वळणाची आहे.

आधी वेबकॅम उघडा

राजारामपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे टाकून दिलेला वेबकॅम मागा. वायर काढून पुढचं भिंग फिरवून सोडवा. भिंगामागे अवरक्त अडवणारी चौकोनी काचेची चकती असते, तिरकी धरली की लालसर चमकते. सुईने कडेने अलगद उचला. घाई केलीत तर तडकेल, आणि ती आपल्याला पुढे लागणार आहे. भिंग परत बसवा आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत फिरवा. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा पडद्यावर लखलखीत दिसला की वेबकॅम तयार झाला.

मग सीडी लावा

सीडीच हवी, डीव्हीडी नको. सीडीवरच्या रेषा 1.6 मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि 808 चे किरण त्यांच्यावरून सुटे होतात. डीव्हीडीच्या रेषा इतक्या दाट असतात की समोरून सरळ टाकलेले 808 चे किरण तिथे वेगळे होतच नाहीत, आणि पॉइंटर निर्दोष असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

पांढऱ्या कागदाला छोटं भोक पाडून तो उभा करा. त्यासमोर 10 सेंटिमीटरवर सीडी, चकाकती बाजू कागदाकडे. पॉइंटर भोकातून सीडीच्या डाव्या किंवा उजव्या भागावर मारा, म्हणजे ठिपके आडव्या रेषेत पडतील. वेबकॅम कागदाच्या सीडीकडच्या बाजूवर रोखा. मुलांना खोलीबाहेर ठेवा. सीडीकडे डोळ्यांनी बघू नका, फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघा.

भोकापासून साधारण 3.5 सेंटिमीटरवर पहिला हिरवा ठिपका पडतो, 8.9 वर दुसरा. त्यांच्यामध्ये, 5.8 च्या आसपास, डोळ्याला कागद कोरा दिसतो. वेबकॅमला तिथे ठिपका दिसला तर ते 808 आहे.

1064 जरा फसवं आहे. ते 532 च्या बरोबर दुप्पट असल्यामुळे दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच पडतं आणि त्याच्याआड लपतं. त्यासाठी जुन्या रंगीत रोलचा, उजेड लागून मग धुतलेला काळा तुकडा दुहेरी करून वेबकॅमसमोर धरा. हिरवं विझतं, अवरक्त राहतं. वेबकॅमला 1064 कमी दिसतं, म्हणून ठिपका मंद असला तरी त्याला किरकोळ समजू नका. ही चाचणी किती मिलीवॅट आहे ते सांगत नाही, गळती आहे की नाही एवढंच सांगते.

गळती अडवणं

वेबकॅममधून काढलेली चकती आता पॉइंटरच्या तोंडाशी बसवा. अवरक्त झोत हिरव्यापेक्षा जास्त पसरतो, म्हणून काचेने सगळं भोक झाकलं पाहिजे. कडेची फट काळ्या कागदाच्या कड्याने बंद करा. चकती फुटली असेल तर केजी5 किंवा बीजी39 जातीची फिल्टर काच चालते. रंगीत गॉगलवर विसंबू नका. लाल काच हिरवा अडवते आणि अवरक्त सरळ आत सोडते.

नवीन पॉइंटर घेत असाल तर लेबलवर 515 ते 520 नॅनोमीटर आहे का बघा. त्यात डायोडच हिरवा असतो, अवरक्ताचा टप्पाच नाही. तरी चेहऱ्यावर किंवा उजळाईवाडीकडे उतरणाऱ्या विमानावर तो रोखायचा नाहीच.

काच बसवल्यावर पूर्ण चाचणी पुन्हा करा, मग पॉइंटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि गार असतानाच तिसऱ्यांदा करा. 5.8 जवळ पुसटसाही ठिपका उरला तर सेल काढा आणि तो पॉइंटर मुलांच्या पिशवीत जाऊ देऊ नका.